अर्धं छप्पर कौलांचं

आई, आज बाजारात जाऊन कौलांचा भाव विचारून आलो, चिठ्ठीवर टिपून आणला. घ्यायची नव्हतीच. परवा बँकेतला एक गोडबोल्या गृहस्थ घरी आला, पैसे मुदतीने ठेवा म्हणाला. व्याजाचा दर त्याने दोनदा सांगितला, महागाईचं नावसुद्धा काढलं नाही, तेव्हाच मला संशय आला. हल्ली वर्तमानपत्रात दर आठवड्याचे बाजारभाव छापून येतात, पण तेही मला खरे वाटत नाहीत. दुकानदाराच्या तोंडून ऐकल्याशिवाय चैन पडत नाही. ही खोड तुझीच.

लढाईची वर्षं. तू मिठागरात राबतेस, आणि मजुरीतलं काही उरलं की बाजाराच्या दिवशी पनवेलच्या बंदरावर जाऊन दहा मंगळोरी कौलं घेतेस. प्रत्येक कौलावर बोटाने टकटक करायची, कान लावायचा, मगच ते टोपलीत. आपल्या गावापर्यंत, करंजाड्यापर्यंत, डोक्यावरून आणायचीस. घरामागे चळत वाढत होती, तिच्यावर शेवाळ धरत होतं, शेजारी हसत होते. पेंढा काढून सगळं घर कौलारू करायचं, एवढीच तुझी हौस होती. आणि पोस्टात नुकताच चिकटलेला तुझा मुलगा तुला शहाणपण शिकवत होता: कौलांना व्याज मिळत नाही, पोस्टाची सर्टिफिकेटं घे, मुदत भरली की सगळी कौलं एकदम येतील, वर पैसे उरतील. तू सर्टिफिकेट हातात घेतलंस आणि त्याच्यावरही टकटक केलीस. "वाजत नाय," म्हणालीस. मग माझ्याकडे रोखून बघत, "कागुद वाढंल, पन कौलं का थांबून ऱ्हानार हायत? आनि तुला काय मिलतं रं याच्यात?"

"मला काय मिळणार?" मी म्हणालो आणि दुखावल्यासारखं तोंड केलं. तू विरघळलीस. पुढची सगळी मजुरी सर्टिफिकेटांत गेली.

भाव विचारणं मात्र तू सोडलं नाहीस. दर बाजाराला दारातूनच सांगायचीस, "आज परत चढली." मी कागदावर व्याजाचं गणित मांडून दाखवायचो. गणितात चूक नव्हती. मुदत भरली, पैसे व्याजासकट हातात आले, आपण दोघं बंदरावर गेलो. तुझ्या जुन्या चळतीने मागचं अर्धं घर झाकलं. माझ्या सर्टिफिकेटांत ओटीसुद्धा पुरी झाली नाही. बाकी पेंढाच राहिला. मला वाटलं, शिव्या घालशील. तू नुसतं माझं अंथरूण कौलांखाली सरकवलंस आणि स्वतःचं पेंढ्याखाली घातलंस. पावसाळ्यात उशाशी टोप ठेवून शेवटपर्यंत तिथेच झोपलीस. मी कौलांखाली झोपत राहिलो, याची मला आजही लाज वाटते.

परवा त्या बँकवाल्याला मी तुझाच प्रश्न विचारला. "मला काय मिळणार?" म्हणाला, आणि दुखावल्यासारखं तोंड केलं. ते तोंड मी ओळखतो. चहा पाजून त्याला वाटेला लावलं.

जन्मभर पोस्टात काढलं, तरी हे पत्र कुठे टाकायचं ते मला ठाऊक नाही. कौलांच्या भावाच्या चिठ्ठीबरोबर ट्रंकेत ठेवीन. तेव्हा मी हंगामी होतो, आई. जास्त सर्टिफिकेटं खपवील त्याला कायम करू, असं साहेबांनी सांगितलं होतं. माझा आकडा तुझ्या मजुरीने पुरा झाला, मी कायम झालो. तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोललो. मला मिळणार होतं.