नाव चर्चमध्येच कळेल

अहो,

तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली, पण आज लिहिल्यावाचून राहवेना. पोरगा अथेन्सहून नातीच्या बाप्तिस्म्याला आपल्या मेगारात आला. शहरी पाहुणे जुनं कारंजं बघत हिंडले, मी मेली कोंबड्या भाजत बसले. मनात एकच, मुलगी झाली, आता तुमचं आर्गिरिस हे नाव कोण लावणार? सूनबाई म्हणायची, "आई, नाव चर्चमध्येच कळेल." वर्षभर नुसतं बाळ, बाळ!

पाद्रीबाबांनी नाव विचारलं. बाळाला हातात घेऊन उभी असलेली धर्ममाता नाव पुटपुटली.

"मोठ्यानं बोल गं, आजी बहिरी आहे!" मागून कुणीतरी माझ्यासाठी ओरडलं.

"आर्गिरो!"

तुमचंच नाव, मुलीचं केलेलं! दृष्ट लागू नये म्हणून मी तीनदा थुंकले, त्यातलं एकदा पाद्रीबाबांच्या झग्यावर. संध्याकाळी अंगणात त्या नावानं हाक मारली, तर रांगता रांगता कुणीतरी वळून बघितलं.

तुमचीच,
काल्लिओपी