बाबांच्या खुर्चीवरची गादी

ती. आईस,
इतक्या लांबून वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा काय म्हणतो?

बाबा जिथे कारकून होते, ती आपली परदेशातली कचेरी सरकार बंद करतंय. सामानाची यादी मीच करतेय. नियमाने सगळं इथेच लिलावात विकायचं, आणि यादी करणाऱ्याला बोली लावता येत नाही. म्हणजे बाबांची खुर्ची गेलीच. शाळा सुटली की मी तिच्यावर गरगर फिरायचे, बाबा खोटं खोटं ओरडायचे.

पण तिच्यावरची तुझ्या जांभळ्या साडीची गादी सरकारी दफ्तरात कुठेच नाही. तरी साहेब अडून बसलेत, खासगी असल्याचा लेखी पुरावा हवा म्हणे!

तेवढं लिहून, सही करून पाठव: गादी मी शिवली ती ह्यांच्यासाठी, सरकारसाठी नाही.

तुझीच,
धाकटी