नाथाची आई

१२ जाने., सोम.
पुस्तक भिशीत या वेळी माझी चिठ्ठी निघाली. सोसायटीतल्या आम्हा बायकांनी आठवडाभर काय वाचायचं, ते मी ठरवायचं. डोळे मिटून नाथाची कादंबरी सांगितली. हॉस्टेलवर आम्ही सगळ्या त्यातल्या नाथावर मरायचो. घर सोडतो, नोकरी लाथाडतो, कुणाच्या बापाला भीत नाही. कुठलाच नाही, म्हणून तर आमचा.
आणि मग हे भेटले. धायरीचे, शेतकऱ्याघरचे, वडिलांशी भांडून खांद्याला शबनम लावून निघालेले. वाटलं, हाच तो. लग्न केलं ते कादंबरीशीच म्हणायचं.
आता हे सोसायटीचे चेअरमन. बंड उरलंय ते नोटीसबोर्डावर. कालची नोटीस: ‘येथे गाडी लावणाऱ्यास वाचता येत नसावे, तरीही लिहीत आहोत.’

१४ जाने., बुध. संक्रांत.
आमच्या लेकीनं, मुक्तानं, जेवताना सांगून टाकलं. आयटीतली नोकरी सोडली. येरवड्याला मैत्रिणीबरोबर खोली, आणि चित्रकथा काढणार.
हे म्हणाले, “छंद रविवारी करतात.”
ती म्हणाली, “बाबा, तुम्ही कुणाला विचारून घर सोडलं होतं?”
हे ताटावरून उठले. संध्याकाळी तिच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि तेव्हापासून अबोला. गोड बोला म्हणे.
माझं काय? आनंद झाला. भीतीही वाटली. दोन्ही एकदम.

१७ जाने., शनि.
भिशी आमच्याकडे. नाथाची पार चिरफाड. जोशीबाईंनी विचारलं, “याला पोळ्या कोण करून घालत होतं हो?” सगळ्या हसल्या. मीही हसले, पण रागच आला. माझा नाथा तो.
शेवटी देशपांडेवहिनी म्हणाल्या, एरवी त्या बोलत नाहीत, “तो निघतो तेव्हा आई दारात उभी असते, एवढंच. पुस्तकभर तिला एक वाक्य नाही.”
सगळ्या गेल्यावर पान काढून पाहिलं. खरंच नाही. इतकी पारायणं केली, ही बाई कधी दिसलीच नाही. मी आपली नाथाबरोबर रस्त्याला लागलेली असायचे.

२० जाने., मंगळ.
मुक्ता खोकी भरतेय. तिच्या कथेतली मुलगी दाखवली मला. डोकं भादरलेली, कुणाचं न ऐकणारी. नाथाची नात शोभेल. शोभणारच, लहानपणी हिला झोपवताना रामायण सोडून नाथा सांगायचे मी. भोगा आता.
हे खाली, पार्किंगची नवी पाटी…

२४ जाने., शनि.
उद्या जाणार. रडू येतंय सारखं.
ह्यांना विचारलं, “तुम्ही धायरीहून निघालात तेव्हा सासूबाई काय म्हणाल्या?” इतक्या वर्षांत विचारलंच नव्हतं. मामंजींचं वाक्य पाठ आहे, ‘परत आलास तर तंगडं मोडीन.’ ते हे चारचौघांत रंगवून सांगतात.
चष्मा काढला. मग म्हणाले, “जेवून जा म्हणाली.”
“मग?”
“नाही जेवलो. ऐटीत होतो.”
चष्मा पुसत बसले. मग लवकर झोपले.

२५ जाने., रवि.
सकाळीच वरणभात, बटाट्याची भाजी करून ठेवली. टेम्पोत खोकी चढली. हे पेपर धरून बसलेले, पान काही उलटेना.
मुक्ता दारात बूट घालत होती. मी उंबऱ्याशी. नाथाची सगळी वाक्यं येतात मला, आईचं एकही नाही.
तेवढ्यात हे स्वयंपाकघरातून आले. हातात वाढलेलं ताट. संक्रांतीनंतरचे पहिले शब्द, “मुक्ता, जेवून जा.”
खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. एक बूट पायात, एक बाजूला, तशीच उभ्यानं चार घास जेवली. बाबांकडे बघितलं नाही. “मीठ कमी आहे,” म्हणाली आणि जिना उतरली.
दुपारी पेपरआडून प्रश्न, “येरवड्याला इथून थेट बस आहे का?”
“बघते,” म्हटलं. कुणी जायचं, कधी, ते बोलले नाहीत.