पुलाखालचं भोजनालय

मंगळवार, जाम

सुनीतानं आज सांगून टाकलं. आम्ही दोघी जावा. ती लग्न होऊन आली तेव्हापासून जाम गावच्या चौकातलं भोजनालय मिळून चालवतो. उड्डाणपूल झाला आणि नागपूरच्या गाड्या वरूनच जायला लागल्या. खाली उतरून जेवायला कोण येणार? आजही पिठलं जवळजवळ सगळंच उरलं.

दुपारी पातेलं घासता घासता ती म्हणाली, "ताई, सोमवारपासून मी बुटीबोरीले जातो. कंपनीच्या कॅन्टीनात काम भेटलं."

मी म्हटलं, "मले आधी काऊन नाई सांगितलं?"

ती घासतच राहिली. पातेलं केव्हाच स्वच्छ झालं होतं.

मला रागच आला. कशाचा, ते अजून कळत नाही. ती चालली याचा, की मला मागे ठेवून चालली याचा? तिच्या पोरीचं कॉलेज आहे, तिला जायलाच हवं. हे कळत होतं, तरी बोलले, "आपली एकटीची सोय पाह्यली तू."

तेव्हा कुठं तिनं मान वर केली. "तुमच्यासाठी बी विचारलं होतं, ताई. पन्नाशीच्या पुढच्या बाया नाई घेत म्हणे."

मी नुसतं "जाजो" म्हटलं.

तिनं विचारलं नसतं तर बरं झालं असतं का? मग मला कोणी बोलावलं असतं तरी मी गेले नसते, असं निदान स्वतःला तरी सांगता आलं असतं.