चुंबकाच्या दारात

अण्णा, तुम्ही गेलात तेव्हा मी शाळेत होते, त्यामुळे मी पुढे काय झाले हे तुम्हाला ठाऊक नाही. नाशकात मेंदूवर संशोधन करणारं एक केंद्र आहे, तिथलं एमआरआय मशीन मी चालवते. म्हणजे माणूस आडवा आत सरकेल एवढं पोकळ चुंबकच. ते रात्रंदिवस चालू असतं. आत शिरणाऱ्याच्या अंगावर लोखंडाचा तुकडाही राहू नये, हे बघणं माझं काम.

परवा अंबडच्या कारखान्यातला एक टर्नर आला होता, तुम्ही आयुष्यभर चालवलंत तसल्याच लोखंड कातायच्या लेथवर काम करणारा. रात्रपाळीचा मेंदूवर काय परिणाम होतो, हे तपासायला आम्ही कारखान्यांतली माणसं बोलावतो. पट्टा, चाव्या, मोबाइल सगळं काढून झालं. "डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता?" मी विचारलं. "नाही हो मॅडम." मी दार उघडलं. पाऊल उचलता उचलता तो हसून म्हणाला, "आमच्या कामात कचरा उडतोच, पण निघतो लगेच."

मी त्याचा दंड धरून त्याला मागे ओढलं.

मला आपलं स्वयंपाकघर दिसलं, अण्णा. तुम्ही पाटावर बसलेले, डोळा लालबुंद. आई पदराचं टोक पिळून पापणीखाली फिरवतेय, गॅसवर भाजी करपतेय. "निघाला गं, निघाला," तुम्ही म्हणताय, आणि डोळ्याचं पाणी काही थांबत नाहीये.

आमचे डॉक्टर बाहेर आले. "तो नाही म्हणालाय ना? मग घ्या आत. पुढची माणसं खोळंबलीत."

"आधी डोळ्यांचा एक्स-रे, सर."

"त्याला काही त्रास होतोय का?"

"नसेल होत. पण मी आत नेणार नाही."

"मॅडम, माझ्यापायी भांडू नका," टर्नर म्हणाला. "जातो मी आत." मी दारातून हलले नाही.

शेवटी काढलेल्या एक्स-रेमध्ये उजव्या डोळ्याच्या जागी खसखशीएवढा पांढरा ठिपका निघाला. डॉक्टरांनी तो दोनदा जवळून पाहिला. मग म्हणाले, "चुंबकाने हा ओढला असता, डोळाच गेला असता." टर्नर बाकावर बसला. "मी तर निघालोच होतो आत," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

आईला मात्र यातलं काही बोलले नाही. ती लगेच विचारेल, "मग ह्यांचा तरी निघाला होता का गं?" मला माहीत नाही, अण्णा. म्हणून तुम्हालाच लिहिलं, आणि तिच्या हाती लागायच्या आत हे फाडून टाकणार आहे.