विमानाचा पंखा आणि टिटवाळ्याचा होकार

कोपरी, ठाणे पूर्व
१३ फेब्रुवारी १९८९

तीर्थरूप सगुणाआत्यास परशुरामाचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे आता बरे असतील, आणि कल्याणच्या बाजारातून ओझं उचलून आणणं तू सोडलं असशील, अशी आशा आहे (सोडलं नसशील, हे मला ठाऊक आहे). इकडे सगळे खुशाल. मुख्य म्हणजे मी खुशाल. गेल्या आठवड्यात मात्र नव्हतो.

तू सुचवलेल्या टिटवाळ्याच्या मालूचे वडील, उत्तमराव, यांच्या कानावर गेलं की मुलगा कारखान्यातून सुटला की मिठागरावर रेडिओवर चालणारं छोटं विमान उडवतो. त्यांचा निरोप आला, रविवारी मुलीला घेऊन बघायला येतो. उडालं तर मुलगा हुन्नरी, नाही तर पोरखेळ करणाऱ्या घोडनवऱ्याला मुलगी देणार नाही. आणि नेमका त्याच आठवड्यात विमानाचा पंखा बांधावर आपटून मोडला. उरलेला तुकडा घेऊन मुंबईच्या दुकानात गेलो, तर दुकानदार विचारतो, किती बाय किती? आकडा छापलेलं पातं राहिलं होतं मिठागरात. मग त्यानेच समजावलं, पहिला आकडा लांबीचा, दुसरा एका फेरीत पंखा किती पुढे सरकेल त्याचा. सोबत भिवाकाका होता (होडीची इंजिनं बसवण्यात त्याची हयात गेली, त्याला न नेणं म्हणजे अपमान). त्याच्या मनात भरला बारा इंची, कारण पंखा मोठा तर जोर मोठा. तो लावला असता तर विमानाने उडण्याआधी जमीन नांगरली असती. मी हट्टाने दहा बाय सहा घेतला, आणि काका ठाणं येईपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

त्याचा रुसवा काढायला पंखा बसवायचं काम मी त्यालाच दिलं, आणि तिथेच घात झाला. भोक लहान पडत होतं, ते त्याने कानशीने सावकाश वाढवलं. पंखा सुईवर तोलून जड पातं किंचित घासलं (इथवर काम चोख, उगाच नावं ठेवणार नाही). मग सपाट बाजू बाहेर आणि फुगीर बाजू इंजिनाकडे करून नट आवळला. होडीचा पंखा मागे असतो, तिथे तो असाच बसतो. विमानाचा पुढे असतो, हे काकाच्या डोळ्यांना दिसत होतं, पण हात होडीचेच. मी कुठे होतो म्हणशील, तर शर्टाला इस्त्री करत होतो.

रविवारी विमान बोंबलत धावलं, बांधापाशी जाऊन थांबलं. पुन्हा सोडलं, पुन्हा तेच. उत्तमराव शांतपणे म्हणाले, "तुजा इमान धावतंय बेस, पन उडंल कवा?" तेवढ्यात मालू वाकली आणि पंख्याकडे बघून म्हणाली, "यो आकडा इंजिनाला वाचाया ठेवलाय काय?" आकडा छापलेली फुगीर बाजू पुढे हवी, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. पंखा फिरवून लावला, आणि विमान असं वर गेलं की मी रेडिओ हातात धरून चक्क रडलो. उत्तमरावांनी पाठ थोपटून होकार समजा म्हणून सांगितलं. काकाचं म्हणणं, विमानाच्या तोंडावर पंखा लावणाऱ्याचंच मुळात चुकलं. काल मी पोटभर जेवलो, आत्ये. जीव भांड्यात पडला.

तुझा,
परशुराम

ता. क. हे वाचून साखरपुड्याचं कुणाला सांगू नकोस. सांगितलं असशील तर थांबव.

आणखी एक ता. क. निघताना मालू माझ्याजवळ आली नि म्हणाली, "सगल्यांनी इमानाला इचारलं, उडशील काय. मना कोनी इचारलं?" मी घाबरून विमानाची चाकं पुसत बसलो. तिचं बरोबर आहे, आणि मला ती फार आवडली आहे. ती हसत होती की उन्हाने डोळे बारीक झाले होते, ते काही कळलं नाही. तू टिटवाळ्याला चल आणि तिलाच विचार. मी बाहेर ओट्यावर थांबतो.