नवे मागे

हे मृत्युपत्र करून ठेवतो मी, खाली सही करणारा, धंदा टायर विक्री व फिटिंग, राहणार दुकानाच्या वरची खोली. फुप्फुसे कामातून गेली आहेत, डोके गेलेले नाही; तसा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही, की गोड बोलून काही लिहून घेतलेले नाही. गोड बोलणारे घरात कोणी उरलेलेही नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र मी रागाच्या भरात केले होते, ते रद्द समजावे. हेही फारशा आशेने करतो आहे असे नाही. वकीलबाई म्हणाल्या, "असं नका लिहू, आजोबा." मी म्हटले, खरे लिहायचे की नाही तेवढे सांगा.

कलम १. वरची खोली, आतल्या सामानासह, आणि बँकेत जे काही असेल ते माझ्या सुनेला मिळावे. माझा मुलगा गेल्यावर ती या घरातून गेली नाही. माझ्या खोकल्याला कंटाळली असेल, पण तसे कधी बोलून दाखवले नाही. खोलीची भिंत ओली होते ती खिडकीमुळे नव्हे, वरच्या पन्हाळीमुळे, हे मी प्रत्येक गवंड्याला सांगितले. प्रत्येकाने खिडकीच दुरुस्त केली. पुढच्यालाही सुनेने सांगून पाहावे, पण उपयोग होणार नाही.

कलम २. समोरच्या पडदेवाल्याला माझी घडीची खुर्ची द्यायचे मनात होते, कारण तो रोज येऊन तिच्यावरच बसतो. परंतु वकीलबाईंनी समजावले की जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला मृत्युपत्रातून काहीही घेता येत नाही. दिले तरी ते देणे फुकट जाते. पडदेवाला साक्षीदार आहे. सबब खुर्ची काढून घेत आहे. हे ऐकून तो म्हणाला, "म्हणजे सहीही माझी आणि उभाही मीच?" होय. कायदा आहे.

कलम ३. माझी नात, म्हणजे मुलाची मुलगी, जिला आम्ही भिंगरी म्हणतो, तिला टायरचे दोन संच द्यावेत. मागच्या फळीवर ठेवले आहेत, उन्हापासून झाकून. एक शर्यतीच्या ट्रॅकचा: मऊ रबर, नक्षी नावापुरती, तापला की रस्ता धरून ठेवतो. दुसरा पावसाचा: खोल चरे, पाणी पिऊन बाहेर टाकणारा. आमच्यात टायर पाणी पितो असेच म्हणतात. जो पीत नाही तो पाण्यावर तरंगतो, आणि तरंगणाऱ्या गाडीचे चाक कितीही फिरवले तरी ती आपल्या मनानेच जाते.

ही मुलगी आठवडाभर ज्या गाडीने कामाला जाते, तीच गाडी रविवारी ट्रॅकवर पळवते आणि त्याच टायरवर संध्याकाळी घरी येते. इथे दिवसातून केव्हाही पाऊस येतो. मी म्हटले, दोन संच ठेव, तिथे जाऊन बदल, येताना परत बदल.

"आजोबा, एकच सेट दोन्हीला चालतो. नेटवर सगळे हेच म्हणतात."

"नेटवाले तुला घरी आणून सोडणार आहेत का?"

हसली. बापासारखी हसते, आधी डोळ्यांनी. मला त्या हसण्याची भीती वाटते.

तिने ऐकले नाही तरी लिहून ठेवतो. ट्रॅकचा टायर गरम असतो तोवरच तुमचा. चहा प्यायला थांबलात, तो गार झाला, वरून पाऊस आला, की तोच टायर साबणाची वडी होतो. ट्रॅकवर हवा कमी केली असेल तर निघताना पुन्हा भरावी. दुकानदार नवा म्हणून देतो तो टायर कधीचा आहे हे त्याच्या अंगावर लिहिलेले असते, ते वाचावे. रबर नुसते पडून राहूनही म्हातारे होते. आणि मुख्य म्हणजे निवडताना ट्रॅकचा विचार करू नये, घरी यायच्या रस्त्याचा करावा. ट्रॅकवर मोकळी जागा असते, रुग्णवाहिका उभी असते, सगळे एकाच दिशेने जात असतात. घराच्या रस्त्यावर समोरून ट्रक येतो.

कलम ४. आता धाकट्याबद्दल. धाकटा म्हणजे माझा सख्खा भाऊ. दुकान आम्ही दोघांनी काढले. मी टायर निवडायचो, तो बसवायचा. चाकाचे वजन हातात घेऊन सांगणारा असा फिटर मी दुसरा पाहिला नाही, हे मान्य करावे लागते. वाचायचा मात्र त्याला कंटाळा. टायरवरचा फिरायच्या दिशेचा बाण वाचायचा नाही, डब्यावरचा कागद वाचायचा नाही. "हाताला कळतं," म्हणायचा.

आमच्या दुकानाचा एकच नियम होता: दोनच टायर नवे घ्यायचे असतील तर नवे मागे. गाडीला ओढणारी चाके पुढची असली तरी नवे मागे. गिऱ्हाईक वाद घालते, कारण झिजतात पुढचे आणि दिसतातही पुढचेच. पण ओल्या रस्त्यावर पुढचे सुटले तर गाडी सरळ जाते, माणूस ॲक्सिलरेटरवरून पाय काढतो, सावरतो. मागचे सुटले तर गाडी गरकन फिरते, आणि सावरायचे म्हणेपर्यंत सगळे आटोपलेले असते. माणूस पुढे बघून गाडी चालवतो आणि मागच्याने मरतो.

माझी बायको दवाखान्यात होती त्या आठवड्यात मी तिच्या उशाशी होतो. मुलगा दुकानात गेला आणि काकाला म्हणाला, नवे पुढे लावा, गाडीचे तोंड चटकन वळते, ट्रॅकवर वेळ वाचतो. धाकट्याने लावले. नियम त्याला पाठ होता. पण त्याचा दुसरा एक नियम होता, गिऱ्हाईक मागेल ते द्यावे, आणि त्या दिवशी पुतण्याला त्याने गिऱ्हाईक केले. ट्रॅकवर मुलगा खरेच सगळ्यांत पुढे आला. घरी येताना पुलाच्या वळणावर पाऊस होता.

त्यानंतर दुकानाच्या मधोमध प्लायवूड उभे राहिले. अलीकडे मी, पलीकडे तो. त्याचा हवेचा पंप सुरू झाला की माझ्याकडची बरणी हलते, माझा खोकला त्याला ऐकू जातो. बोलणे नाही. भिंगरीला मी नवे टायर पुढे लावून देत नाही, म्हणून ती प्लायवूडच्या पलीकडे जाते. तिकडे अजून गिऱ्हाईक देव आहे.

तर दुकानाचा माझा अर्धा भाग, माझी सगळी हत्यारे आणि नक्षीची खोली मोजायचे गेज धाकट्याला द्यावे. ही माफी नव्हे. मी माफ केलेले नाही, करणारही नाही, आणि त्याने तशी समजूत करून घेऊ नये. देतो ते अशासाठी की माझ्या मागे टायर ओळखणारा दुसरा कोणी उरत नाही. अटी दोन. प्लायवूड काढावे. आणि भिंगरीच्या गाडीला हात लावेल तेव्हा नवे मागे लावावेत, मग ती रडो, ओरडो, की दुसऱ्या दुकानात जाईन म्हणो. एकदा तरी घरच्या माणसाला नाही म्हणावे.

कलम ५. कलम ४ काही कारणाने लागू झाले नाही, तर माझा अर्धा भाग शेजारच्या औषधवाल्याला विकावा. तो त्याचे गोदाम करणार आहे. हत्यारे भंगारात जातील. त्याचे वाईट वाटेल असा मी तेव्हा नसेन, पण आत्ता आहे, आणि आत्ता वाटते आहे.

कलम ६. माझ्या देहाचे काय करायचे ते सुनेने ठरवावे. ट्रॅकवरच्या मुलांनी गाड्यांची रांग लावून हॉर्न वाजवू नयेत. मुलाच्या वेळी वाजवले होते.

सही करतेवेळी जोडलेला मजकूर, मी सांगितला आणि वकीलबाईंनी लिहिला:

दुसरा साक्षीदार म्हणून झेरॉक्सवाला येणार होता. पाऊस लागला म्हणून आला नाही. वकीलबाई मोठ्याने म्हणाल्या, "आता ऐनवेळी साक्षीदार कुठून आणायचा?" पलीकडचा पंप बंद झाला. धाकटा पुढच्या बाजूने वळसा घालून आत आला. डोके भिजलेले. केस पुरे पांढरे झालेत, हे मला माहीत नव्हते.

"कुठं करायची सही?"

पडदेवाल्याने सवयीने बोट दाखवले. मी तोंड उघडले, तर खोकला आला. खोकला थांबेपर्यंत सही झाली होती. वकीलबाई म्हणाल्या, "अहो, वाचलं तरी का?"

"दादाचं आहे ना? वाचायचं काय त्यात."

येणेप्रमाणे कलम ४ फुकट गेले. वकीलबाई म्हणतात, फाडून नवे करू, उद्या दुसरा साक्षीदार आणू. मी नको म्हटले. इतक्या वर्षांनी तो न बोलावता आला आणि मला दादा म्हणाला, तो कागद मला फाडता येत नाही. दुकान गोदाम होईल तर होवो.

पण दुकान न देताही जे मागता येण्यासारखे होते ते तोंडी मागितले. म्हटले, "भिंगरीचे नवे टायर आले की मागे लाव."

तो टेबलाकडे बघत म्हणाला, "सकाळीच लावून नेले तिनं."

"कुठं लावलेस?"

"म्हटलं होतं मी तिला, दादा. आईशप्पथ म्हटलं होतं, मागे लावतो. म्हणाली, छोटे आजोबा, आज ऊन आहे."

यापुढे मला काही लिहवून घ्यायचे नाही.

लिहून ठेवणार: टायरवाला. सही.

साक्षीदार: समोरचा पडदेवाला. सही. वाचून.

साक्षीदार: लिहून ठेवणाऱ्याचा धाकटा भाऊ. सही. न वाचता.

ठिकाण: दुकान, प्लायवूडच्या अलीकडे.

तारीख: आजची, रविवार, संध्याकाळ. पाऊस चालू आहे. दोघे भाऊ दारात उभे आहेत. भिंगरी अजून आलेली नाही.